48 व्होल्टचं ड्रिल 1,999 रुपयांना? कॉर्डलेस टूल घेण्याआधी एवढं समजून घ्या

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पंधरा दिवस राहिले होते. आमच्या धंद्यात हे सगळ्यात धावपळीचे दिवस, कुणाला फॅन बदलून हवा, कुणाला देवघरात नवी लायट, कुणाला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधायच्या चौकटीसाठी, वर हुक मारून हवेत, आणि सगळ्यांना सगळं चवथीच्या आदल्या दिवसापर्यंत. अशात आमच्या वाड्यावरचा एक इलेक्ट्रिशियन पोरगा संध्याकाळी बंद पडलेलं ड्रिल घेऊन आला. मी गोव्यात फोंडा तालुक्यात फर्निचरचं काम करतो आणि ओळखीतल्यांची टूल्स बिघडली की खोलून बघतो, त्यामुळे अशी पेटी घेऊन कोण ना कोण दारात येतच असतं.

पेटीवर मोठ्या अक्षरात 48 व्होल्ट. रील बघून मागवलेलं, दोन बॅटऱ्या, चार्जर, वीस-पंचवीस बिट, सगळं मिळून 1,999 रुपये. दीड महिना चाललं. पोरगा म्हणाला, "दादा, तुमचं 18 व्होल्टचं पाच वर्षं चाललंय, मग माझं 48 चं असं कसं मेलं?"

बॅटरीचे चार स्क्रू काढले. आत एका ओळीत पाच सेल, घड्याळाच्या पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाड आणि थोडे लांब. मीटर लावला तर चार सेल 3.9 व्होल्टच्या आसपास आणि पाचवा 0.7. एक सेल मेला आणि त्याने सगळी बॅटरी खाली ओढली. दुसरी बॅटरी फुल चार्ज करून मोजली, 20.6 व्होल्ट. 48 चा कुठे पत्ता नाही. पोराचं तोंड उतरलं, दोन हजार म्हणजे त्याच्या दोन-तीन दिवसांची कमाई. हे असं महिन्याला एकदा तरी बघतो म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसलोय.

पाच सेलमधून 48 व्होल्ट येऊच शकत नाहीत

कॉर्डलेस टूलच्या बॅटरीत लिथियम-आयनचे सेल असतात, आपल्या मोबाईलमध्ये असतात त्याच जातीचे, फक्त गोल नळीसारखे. असा एक सेल सरासरी 3.6 व्होल्ट देतो आणि फुल चार्ज झाला की 4.2 पर्यंत जातो. पाच सेल एकामागे एक जोडले की पाच गुणिले 3.6, झाले 18. फुल चार्जला पाच गुणिले 4.2, झाले 21. म्हणजे एका कंपनीचं 18 व्होल्ट, दुसऱ्या कंपनीचं 20 व्होल्ट मॅक्स आणि चिनी बनावटीचं 21 व्होल्ट, हे तिन्ही एकच, फक्त कोणी सरासरी आकडा छापतो आणि कोणी भरलेल्या बॅटरीचा. तसंच तीन सेलचं, तिथे 10.8 आणि 12 व्होल्ट एकच.

मग 48, 88, 128 हे आकडे कुठून येतात? कुठूनही नाही. त्या आकड्यापुढे कधी 'व्हीएफ' अशी दोन अक्षरं असतात, ते कसलंही माप नाही, मॉडेलचं नाव आहे असं सांगून सुटायची सोय आहे. खरोखरच्या 48 व्होल्टला तेरा सेल लागतील, आणि तेरा सेल हातात मावणाऱ्या छोट्या बॅटरीत बसत नाहीत.

टाकी किती उंचीवर आणि टाकी केवढी

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी जितकी उंच तितकं नळाला प्रेशर, ते झाले व्होल्ट. टाकी जितकी मोठी तितका वेळ पाणी पुरतं, ते झाले अँपिअर-अवर, बॅटरीवर 2.0 किंवा 4.0 असं लिहिलेलं असतं ते. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण माल किती. 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॉट-अवर, 18 गुणिले 4 म्हणजे 72. दोन वेगळ्या टूल्सच्या बॅटऱ्यांची तुलना करायची तर हाच आकडा बघा, बाकी पेटीवरचे सगळे आकडे बाजूला ठेवा.

आता याचा उपयोग बघा. लाकडात स्क्रू मारताना ड्रिल सेकंद-दोन सेकंद चालतं आणि थांबतं, त्यामुळे 36 वॉट-अवरच्या बॅटरीवर माझे कपाटाचे अर्धा दिवसाचे स्क्रू होतात. तीच बॅटरी ग्राइंडरला लावली आणि ग्राइंडर लोडवर 700 वॉट ओढायला लागला तर 36 भागिले 700, म्हणजे तासाचा विसावा भाग, जेमतेम तीन मिनिटं. 4.0 ची लावली तर सहा. लोक मला येऊन सांगतात की ग्राइंडरची बॅटरी खराब निघाली, अहो खराब नाही, टाकीच तेवढी आहे.

आणखी एक गोष्ट, 4.0 ची बॅटरी नुसती जास्त वेळ चालते असं नाही, ती जास्त जोरही देते. तिच्यात बहुतेक वेळा पाच-पाच सेलच्या दोन ओळी असतात, लोड दोन ओळींत वाटला जातो, सेल कमी तापतात. एका बैलावर ओढायचं ओझं दोन बैलांवर दिलं तर दोघंही दमत नाहीत, तसं. म्हणून जड कामाला मोठी बॅटरी आणि शिडीवर चढून डोक्याच्या वर हात करायच्या कामाला छोटी, कारण वजन.

वजनावरून खोटी बॅटरीसुद्धा पकडता येते, आणि ही युक्ती मला सगळ्यांना सांगायचीय. टूलमध्ये नेहमी लागणारा 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा एक सेल साधारण 45 ग्रॅमचा असतो. खऱ्या 4.0 च्या बॅटरीत असे दहा, म्हणजे नुसते सेलच 450 ग्रॅम, वर प्लास्टिक आणि सर्किट. नवीन बॅटऱ्यांत थोडे मोठे सेल येतात, 21 बाय 70 चे, ते पाचच लागतात पण एकेक 70 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कसंही धरलं तरी 350 ग्रॅमच्या खाली 18 व्होल्ट 4.0 ची खरी बॅटरी असणं शक्य नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि ठेवून बघा. त्या पोराच्या बॅटरीवर 6.0 लिहिलं होतं, काट्यावर भरली 290 ग्रॅम.

पाचवा सेलच का मेला

चांगल्या बॅटरीत एक छोटं सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात, बॅटरी सांभाळणारा मुकादम समजा. ते सेलवर लक्ष ठेवतं, जास्त भरू देत नाही, फार रिकामं होऊ देत नाही, तापली तर बंद करतं. लिथियमच्या सेलला पूर्ण निचरा सोसत नाही, साधारण अडीच व्होल्टच्या खाली गेला की तो आतून खराब व्हायला लागतो. स्वस्त बॅटरीत हे सर्किट अर्धवट असतं किंवा नसतंच. पाच सेल एकसारखे नसतात, त्यातला कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकी चार त्याला ओढत राहतात, आणि दोन-चार वेळा असं झालं की तो गेला.

इथे जीवाचाही प्रश्न आहे. असा बिघडलेला सेल चार्जरवर ठेवला की तापतो, फुगतो, आग लागू शकते आणि लिथियमची आग सहज विझत नाही. रात्री चार्जिंगला लावून झोपायची सवय असेल, आणि बॅटरी बिनानावाची असेल, तर ती सवय आजच सोडा. चार्जिंग लादीवर करा, गादीवर, लाकडाच्या भुशाजवळ किंवा थिनरच्या डब्यांशेजारी नको. माझ्या ओळखीच्या एका पॉलिशवाल्याच्या शेडमध्ये टेबलाचा कोपरा जळाला, माणूस जेवायला घरी गेला नव्हता म्हणून वाचलं.

ब्रशलेस म्हणजे काय आणि त्याला जास्त पैसे का द्यायचे

घरातला मिक्सर चालू असताना खालच्या फटीतून आत बघा, निळ्या ठिणग्या दिसतात. तिथे कार्बनचे दोन तुकडे फिरत्या भागावर घासत असतात आणि वीज आत पोचवतात, त्यांना ब्रश म्हणतात. घासणं आलं म्हणजे उष्णता आली, झीज आली आणि बॅटरीतली थोडी वीज वाया गेली. ब्रशलेसमध्ये हे घासणंच नाही, फिरणाऱ्या भागात चुंबक असतं आणि बाहेरच्या कॉइलना पाळीपाळीने वीज देण्याचं काम एक सर्किट करतं. बीएलडीसी फॅन आता घरोघरी आलेत ना, तीच मोटर.

फायदा दोन ठिकाणी होतो, एकाच बॅटरीत काम जास्त आणि मोटर कमी तापते. तोटा हा की सर्किट गेलं तर दुरुस्ती महाग, कार्बन बदलण्यासारखं दहा मिनिटांत होत नाही. माझं मत विचाराल तर, रोज टूल हातात असेल तर ब्रशलेसला जास्तीचे पैसे द्या, ते बॅटरीच्या आयुष्यातून परत येतात. आठवड्यातून दोनदा काढणार असाल तर चांगल्या कंपनीचं ब्रशवालं पुरतं, उरलेल्या पैशांची दुसरी बॅटरी घ्या. बिनानावाच्या टूलवर 'ब्रशलेस' लिहिलंय म्हणून भुलू नका, नुसती पेटी बघून ते कळत नाही.

भोक कशात पाडायचंय ते आधी सांगा

दुकानात जाऊन "चांगलं ड्रिल दाखवा" म्हणणं म्हणजे "चांगली गाडी दाखवा" म्हणण्यासारखं आहे, रेती वाहायचीय की पोरांना शाळेत सोडायचंय ते तर सांगा.

लाकूड, प्लाय, पत्रा, अॅल्युमिनियम, यांना साधं ड्रिल-ड्रायव्हर पुरतं. विटेच्या भिंतीला हॅमर ड्रिल, म्हणजे ज्याच्यात हातोडीचं चिन्ह असलेला मोड असतो. त्याच्या आत दातेरी दोन चकत्या एकमेकींवरून घसरत जातात, खिडकीच्या गजांवरून काठी फिरवली की कशी टकटक होते तशी, आणि ती टकटक भिंतीपर्यंत पोचवायला मागून तुम्हालाच जोर लावावा लागतो. कॉंक्रीटच्या बीमला किंवा कॉलमला हे नाही चालत. म्हणजे चालतं, एक भोक पाडायला पाच मिनिटं, बिट लाल, बॅटरी अर्धी, आणि हात सुन्न. तिथे रोटरी हॅमर लागतो, ज्याला आपल्याकडे सगळे नुसतं हॅमर म्हणतात. त्याच्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतला ठोकळा बिटच्या मागे मारते, घणाचा घाव बसावा तसा. तुम्ही फक्त धरून ठेवायचं. एसी बसवणारे आणि प्लंबर यांनी ड्रिलवर पैसे न घालवता सरळ हॅमरच बघावा.

आपल्या गोव्याची गोष्ट वेगळी, कारण जुनी घरं, कंपाउंड, अगदी आत्ताचे बंगलेसुद्धा चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे. चिरा ड्रिलला मऊ लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. हॅमर मोडवर मारलं की आतली माती भसाभस सुटते, 8 मिलिमीटरचं भोक 10 चं होतं, गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लग, गोल फिरत राहते आणि गीझर लटकवायच्या वेळी घाम फुटतो. मी चिऱ्यात हॅमर मोड बंद ठेवतो, आधी 6 च्या बिटने नुसतं फिरवून आत जातो, मग 8 ने मोठं करतो, आणि गिट्टी नेहमीपेक्षा लांब घेतो. त्यामुळे ज्याचं बहुतेक काम चिऱ्याच्या घरात आहे त्याला 12 व्होल्टचं चांगलं हॅमर ड्रिल पुष्कळ झालं, कॉंक्रीटच्या फ्लॅटच्या स्कीममध्ये काम करणाऱ्याला ते अपुरं पडेल.

राहिला इंपॅक्ट ड्रायव्हर. अडकलेला नट पान्याने सुटेना की आपण पान्याच्या दांड्यावर हातोडीने ठोकतो ना, तेच काम हा सेकंदाला कित्येक वेळा करतो, गोल दिशेने. लांब स्क्रू आणि छपराच्या पत्र्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू यांच्यासाठी याच्यासारखं काही नाही, मनगटाला झटका बसत नाही. भिंतीत भोक पाडायला मात्र हा नाही, नावात इंपॅक्ट आहे म्हणून पुष्कळजण फसतात. पेटीवर न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, ती पिळायची ताकद. ड्रिलला 50 च्या आसपास आणि इंपॅक्ट ड्रायव्हरला दीडशेच्या वर असतं, पण दोन्हींची काम करायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी तोलू नका.

ड्रिल एकदा घेता, बॅटरीशी मात्र लग्न लागतं

मला या लेखात सगळ्यात महत्त्वाचं जे सांगायचंय ते हे. गॅसचा रेग्युलेटर ज्या मापाचा, सिलेंडर त्याच मापाचा लागतो. टूलचं तसंच आहे, प्रत्येक कंपनीची बॅटरीची खाच वेगळी, मकिटाची बॅटरी बॉशला बसत नाही, बॉशची डिवॉल्टला बसत नाही. एवढंच नाही, बॉशच्याच निळ्या प्रोफेशनल टूलची आणि हिरव्या घरगुती टूलची 18 व्होल्टची बॅटरीही एकमेकांना चालत नाही. म्हणजे पहिलं टूल निवडताना पुढची पाच टूल्स कुठल्या खाचेची असणार हे तुम्ही ठरवत असता.

म्हणून पहिल्यांदा घेताना दोन बॅटऱ्या आणि चार्जरचा सेट घ्या, आणि पुढची टूल्स नुसतं टूल, बॅटरीशिवाय घ्या. बॅटरी हाच सगळ्यात महाग भाग असतो, त्यामुळे नुसतं टूल बरंच स्वस्त पडतं. घेण्याआधी त्या कंपनीच्या त्याच बॅटरीवर तुमच्या धंद्याची आणखी कुठली टूल्स चालतात ते बघा, अॅल्युमिनियमवाला असाल तर कटर आहे का, सुतार असाल तर जिगसॉ आहे का. आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते दुकानदाराला विचारा, पणजी-म्हापसा-मडगावात काम होतं की बेळगावला पाठवावं लागतं. टूल तीन आठवडे बेळगावला गेलं तर ते तीन आठवडे तुम्ही काय करणार, हा हिशोब किमतीत धरायला पाहिजे.

इंगको, टोटल, डोंगचेंग अशा मधल्या किमतीतल्या कंपन्या आता सगळीकडे दिसतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यांच्या टूलवर रोजी कमावणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. फक्त तोच नियम, जवळच्या दुकानात त्या खाचेची बॅटरी आज मिळते का, आणि दोन वर्षांनी मिळेल असं वाटतं का.

"स्वस्तातलं घेऊ, मोडलं तर दुसरं घेऊ"

हे मला रोज ऐकायला मिळतं आणि ऐकायला बरोबरही वाटतं, म्हणून आकडे मांडतो. समजा 2,000 चं टूल तीन महिने चाललं, तर वर्षाला 8,000. समजा 9,000 चा सेट चार वर्षं चालला आणि मध्ये 3,000 ची एक बॅटरी घातली, तर चार वर्षांचे 12,000, वर्षाला 3,000. हे आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमच्या दुकानातले भाव घालून बघा, उत्तराची दिशा बदलणार नाही. आणि यात वाया गेलेला दिवस धरलाच नाही. सावईवेऱ्याला काम घेतलं, चढावर गाडी नेली, टूल मेलं, परत फोंड्याला येऊन दुसऱ्याचं मागून न्यायचं, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय ते वेगळं.

पण एक कबूल करतो, घरमालकाला वर्षातून चार भोकं पाडायची असतील तर त्याने 9,000 घालू नयेत. त्याने मात्र बॅटरीवालं घेऊच नये, वायरवालं घ्यावं, कारण पडून राहिलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

"लायट असतेच की, मग वायरवालं काय वाईट?"

काहीच वाईट नाही, उलट कित्येक कामांना तेच बरोबर. मार्बल कटर, मोठा ग्राइंडर, रंधा, भिंत फोडायचा ब्रेकर, जी टूल्स एका जागी सलग चालतात ती वायरवालीच घ्या, तितक्याच पैशात जास्त ताकद मिळते आणि कार्बन बदलून वर्षानुवर्षं चालतात. माझ्याकडे आजही रंधा आणि ग्राइंडर वायरचाच आहे. बॅटरीचा खरा फायदा शिडीवर, छपरावर, नवीन बांधकामात जिथे अजून मीटर आलेला नाही तिथे, आणि आपल्या पावसात. जुलैमध्ये ओल्या भिंतीशी, ओल्या लादीवर उभं राहून सोललेल्या एक्स्टेंशनने 230 व्होल्ट हातात धरायचे आणि 18 व्होल्ट धरायचे यात फरक आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, टूल बॅटरीचं असलं तरी भिंतीतल्या चालू वायरीत बिट घुसलं तर शॉक बसतोच, मेन बंद करायला विसरू नका.

डुप्लिकेट बॅटरी आणि अॅडॉप्टर

मोठ्या कंपनीच्या खाचेत बसणारी बिनकंपनीची बॅटरी अर्ध्या किमतीत मिळते, आणि एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या टूलला लावायचे अॅडॉप्टरही मिळतात. बॅटरीबद्दल वर लिहिलंय तेच, काट्यावर ठेवून बघा. अॅडॉप्टरची भानगड अशी की काही कंपन्यांत बॅटरी फार रिकामी होण्याआधी बंद करायचं काम बॅटरीत नसतं, टूलमध्ये असतं. तुम्ही ती बॅटरी दुसऱ्या टूलला लावली की पहारेकरी मागे राहिला, बॅटरी शून्यापर्यंत पिळली जाते आणि पुढच्या वेळी चार्जरच तिला घेत नाही. महागाची चांगली बॅटरी अशी मारलेली मी तीनदा बघितलीय.

गल्फमधून, बोटीवरून आणलेलं टूल

आपल्याकडे प्रत्येक घरातला कोण ना कोण बाहेर आहे, त्यामुळे "मामाला सांगतो, तिकडून आणेल" हे आलंच. आणायला हरकत नाही, पण आधी तीन गोष्टी बघा. अमेरिकेतला चार्जर 120 व्होल्टचा असतो, इथल्या 230 ला लावला की धूर, त्यामुळे चार्जरच्या मागे 100 ते 240 असं लिहिलंय का ते मामाला फोटो काढून पाठवायला सांगा. दुबईचा किंवा इंग्लंडचा सहसा चालतो, फक्त पिन बदलायची. दुसरं, तिथली वॉरंटी इथे चालेल असं धरून चालू नका. आणि तिसरं विमानाचं, सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत घालता येत नाही, हातातल्या बॅगेतच आणावी लागते, आणि 100 वॉट-अवरपर्यंतची परवानगीशिवाय चालते, त्याच्या वर 160 पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. गुणाकार आता तुम्हाला येतो, 18 गुणिले 5 म्हणजे 90, ही येईल, 18 गुणिले 6 म्हणजे 108, हिच्यासाठी आधी विचारायला पाहिजे. दाबोळीला उतरा की मोपाला, नियम तोच.

आपल्या हवेत बॅटरी कशी टिकवायची

लिथियमच्या सेलला उष्णता सोसत नाही. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत, स्कूटरच्या डिकीत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जरवर टाकू नका, चहा होईपर्यंत सावलीत ठेवा. महिनाभर कामच नसेल तर फुल चार्ज करून ठेवू नका, अर्धी भरलेली ठेवा, आणि पूर्ण रिकामी तर कधीच नको.

किनाऱ्याकडे, कळंगुट, कोलवा, मोरजी या भागात काम करणाऱ्यांचा त्रास वेगळा, खाऱ्या हवेने बॅटरीच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, मग टूल अधूनमधून बंद पडतं आणि लोक मोटर गेली समजून नवीन घ्यायला धावतात. बॅटरी काढून पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा, जास्त हिरव्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नवीन बुटांच्या बॉक्समध्ये येतात त्याच. मेलेली बॅटरी कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, कचऱ्याच्या ढिगात दाबली गेली की आग लागू शकते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

पैसे कुठून आणायचे

सुतार, गवंडी, लोहार, होडी बांधणारे यांच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 18 पारंपरिक धंदे त्यात आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं आणि 5 टक्के व्याजाने पहिल्यांदा 1 लाख, नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर त्या यादीत नाहीत, हे मला पटत नाही पण आहे ते असं आहे. जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो घालून घ्या, टूलवर भरलेला कर हिशोबात वळता होऊ शकतो. आणि नंबर असो नसो, पक्कं बिल घ्या, त्यावर टूलचा सिरीयल नंबर लिहून घ्या, बॅटरीची वॉरंटी टूलच्या वॉरंटीपेक्षा वेगळी असते का ते तिथेच विचारा. दोन-चारशे रुपये वाचवायला बिल न घेणारे लोक नंतर माझ्याकडे येतात, मी काही करू शकत नाही.

आमच्या पोराने शेवटी काय केलं सांगतो. त्याचं काम बहुतेक शिडीवरचं आणि चिऱ्याच्या घरातलं, म्हणून 12 व्होल्टचं हॅमर ड्रिल घेतलं, ओळखीच्या कंपनीचं, दोन बॅटऱ्यांसह, फोंड्याच्या दुकानातून, बिल घेऊन. कॉंक्रीटसाठी त्याच्या काकांचा जुना वायरवाला हॅमर घरात पडून होता, त्याचे कार्बन मी बदलून दिले, तो सुरू झाला. परवा आला तेव्हा दोन्ही बॅटऱ्यांवर त्याने मार्करने घेतल्याची तारीख आणि काट्यावरचं वजन लिहून ठेवलेलं होतं.